कॅम्पसचा पुनर्विकास: काम किती झालं, हे नक्की कुठे बघायचं?

तळमजला

मी जिथे शिकले त्या विद्यापीठाच्या जुन्या परिसराचा मोठा पुनर्विकास चालू आहे. नाव लिहीत नाही, कारण ही गोष्ट अनेक ठिकाणी थोड्याफार फरकाने अशीच घडते आहे. दर काही महिन्यांनी माजी विद्यार्थ्यांना ईमेल येते. ड्रोनमधून काढलेले फोटो, क्रेन, हेल्मेट घातलेले पदाधिकारी आणि खाली ठळक अक्षरांत एक टक्केवारी: पहिल्या टप्प्याचं इतकं काम पूर्ण. ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडतो आणि चर्चा तिथेच संपते.

मी बांधकामाच्या नियोजनात काम करते. त्यामुळे ती टक्केवारी बघून मला बरं वाटण्याऐवजी प्रश्न पडतात. रिकाम्या माळावर इमारत उभी करणं हे तुलनेने सरळ काम आहे. विद्यापीठाचा परिसर मात्र आत हजारो मुलं शिकत असताना, परीक्षा चालू असताना, प्रयोग अर्धवट असताना बदलायचा असतो. म्हणून इथे इमारतींपेक्षा त्यांचा क्रम महत्त्वाचा. आधी नवी इमारत, मग त्यात एका विभागाचं स्थलांतर, मग त्या विभागाची रिकामी झालेली जुनी इमारत दुरुस्त करायची किंवा पाडायची, मग त्या जागेवर पुढचं काम. या साखळीतली एक कडी सहा महिने लांबली की मागचं सगळं सहा महिने लांबतं, आणि बहुतेक वेळा त्याहून जास्त. कारण स्थलांतर सत्र चालू असताना करता येत नाही, ते सुट्टीतच करावं लागतं. सुट्टी हुकली की पुढची सुट्टी.

मँचेस्टर विद्यापीठाने हा क्रम नीट पाळला. त्यांचे अभियांत्रिकीचे विभाग शहरातल्या जुन्या उत्तर परिसरात विखुरलेले होते. आधी ऑक्सफर्ड रोडवर सगळ्यांसाठी एक भलं मोठं संकुल बांधलं, विभाग तिथे नेले, आणि मगच जुना परिसर नव्या वापरासाठी मोकळा केला.

माझं म्हणणं एवढंच की प्रगती विचारायची तर टक्के विचारू नयेत. कोण कुठून कुठे गेलं, ते परत कधी येणार, आणि त्यांची मधली सोय काय, हे विचारावं. तुमचे अनुभव लिहा. तुम्ही शिकता, शिकवता, शेजारी राहता किंवा बांधता, सगळ्यांचे हवे आहेत.

पारावरून

चांगला विषय. एक प्राथमिक शंका. ही टक्केवारी मोजतात कशाची? आमच्याकडे एका इमारतीचं "ऐंशी टक्के काम पूर्ण" असा फलक लागला होता आणि आत पाहिलं तर जिन्याला कठडासुद्धा नव्हता.

तळमजला

पारावरून, तुमची शंका अगदी मुळावर आहे. दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक आर्थिक प्रगती, म्हणजे मंजूर रकमेपैकी किती बिलं अदा झाली. दुसरी भौतिक प्रगती, म्हणजे प्रत्यक्ष किती काम झालं. चांगल्या अहवालात दोन्ही वेगळे रकाने असतात. लिफ्ट, काचेची दर्शनी बाजू, वातानुकूलनाची यंत्रं यांची खरेदी आधी होते आणि रक्कम मोठी असते. ती गोदामात पडून असली तरी आर्थिक प्रगतीचा आकडा एकदम वर जातो.

भौतिक प्रगतीतही गोम आहे. सांगाडा उभा राहतो तेव्हा सगळ्यांना वाटतं की काम संपत आलं. खरं तर त्यानंतरचं काम वेळखाऊ असतं: वायरिंग, प्लंबिंग, आगप्रतिबंधक यंत्रणा, चाचण्या, परवाने. प्रयोगशाळेच्या इमारतीत तर हवा खेळवण्याची यंत्रणा हेच निम्मं दुखणं. बाहेरून महिनोन्‌महिने काहीच बदललेलं दिसत नाही आणि लोक म्हणतात काम बंद पडलं. पाडकामातही तेच होतं. ते रखडलंय असं वाटतं तेव्हा आत ॲस्बेस्टॉस (श्वासावाटे फुप्फुसात गेलं तर घातक ठरणारं तंतुमय खनिज) काढायचं काम चालू असतं. विसाव्या शतकातल्या कितीतरी इमारतींमध्ये पाइपांभोवती, छतात, फरशीखाली ते वापरलेलं आहे. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली ती 1999 साली. त्यामुळे त्याआधीची कुठलीही इमारत तिथे पाहणी केल्याशिवाय पाडता येत नाही. ते काढायचं काम घाईने उरकू नये अशीच माझी इच्छा असते.

भूमिगत

जमिनीखालच्या कामाबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं होतं, मीच लिहितो. मी वाहिन्यांच्या कामातला माणूस.

कॅम्पसवर सगळ्यात जास्त शिव्या खातं ते चर खणण्याचं काम. रस्ता बंद, पत्रे ठोकलेले, धूळ. आणि ते बुजवल्यावर दाखवायला काहीच नाही, उद्घाटनाची फीतही कापता येत नाही. पण परिसराचं पुढच्या पन्नास वर्षांचं भवितव्य तिथेच ठरतं.

स्टॅनफर्डचं उदाहरण घ्या. तिथे पूर्वी गॅसवर चालणारं केंद्र वाफ तयार करायचं आणि ती वाफ नळांतून इमारतींना जायची. अभ्यास केल्यावर लक्षात आलं की एकाच वेळी एकीकडे इमारती थंड करताना निघालेली उष्णता हवेत सोडली जाते आणि दुसरीकडे गॅस जाळून इमारती गरम केल्या जातात. मग त्यांनी ती वाया जाणारी उष्णता पकडून गरम पाण्यावाटे परत फिरवायची व्यवस्था उभारली. 2015 मध्ये ती सुरू झाली. त्यासाठी वाफेच्या जागी गरम पाण्याच्या सुमारे 35 किलोमीटर वाहिन्या टाकल्या आणि 155 इमारतींच्या जोडण्या बदलल्या. एवढं सगळं विद्यापीठ चालू ठेवून, परिसराचा एकेक भाग घेत.

प्रिन्स्टन आता याच वाटेवर आहे, पण ते थेट जमिनीचा साठा म्हणून वापर करतात. उन्हाळ्यात इमारतींमधली उष्णता खाली सोडायची, हिवाळ्यात तीच वर काढायची. त्यासाठी सुमारे 850 फूट खोल बोअर, तेही शेकड्यांनी. मैदानं आणि वाहनतळ खणून बोअर मारले, नळ सोडले आणि वर पुन्हा जमीन सारखी केली. 2046 मध्ये विद्यापीठाला 300 वर्षं होतील, तोवर कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं त्यांचं लक्ष्य आहे. उद्या त्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांना पायाखाली काय आहे हे कळणारही नाही.

म्हणून सांगतो, तुमच्याकडे रस्ता खणला की आधी विचारा की काय टाकताहेत. नुसती जुनी फुटकी वाहिनी बदलत असतील तर संधी वाया चालली आहे. आणि इमारती आधी बांधून मग वाहिन्यांचा विचार करत असतील तर तोच रस्ता तुम्ही पुन्हा खणलेला बघणार, हे लिहून ठेवा.

सूक्ष्मदर्शक

मी संशोधक आहे. वर स्थलांतराचा उल्लेख आला, त्याची दुसरी बाजू सांगते.

प्रयोगशाळा हलवणं म्हणजे टेबलं हलवणं नव्हे. उणे 80 अंशांवरच्या फ्रीजरमध्ये अनेक वर्षांचे नमुने असतात. ते हलवताना वीज किती वेळ बंद राहणार, वाटेत कोरडा बर्फ पुरेल का, नव्या जागी जनरेटरची जोडणी झाली आहे का, हे आधी बघावं लागतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप उघडून, सुटा करून, पुन्हा बसवून त्याचं कॅलिब्रेशन करायला आठवडे लागतात आणि ते कंपनीचाच माणूस करू शकतो. आणि तो हलवला नाही, शेजारीच पाया खणायचं काम सुरू झालं, तर कंपनांमुळे प्रतिमाच नीट येत नाहीत. आमच्या विभागाने शेवटी कंत्राटदाराशी ठरवून घेतलं की खोदाईची यंत्रं सकाळी ठरावीक वेळेतच चालतील. आम्ही दुपारनंतर आणि रात्री काम केलं. ते ठरवून घेण्यासाठी भांडावं लागलं, कारण मूळ वेळापत्रकात संशोधन नावाची गोष्टच नव्हती.

पीएचडीच्या विद्यार्थ्याचे वर्षभराचे प्रयोग बंद पडले तर त्याची शिष्यवृत्ती थांबून राहत नाही, ती संपते. पुनर्विकासाच्या खर्चाच्या कुठल्याही तक्त्यात हा खर्च दिसत नाही. माझी मागणी साधी आहे. ज्या संशोधकांचं काम स्थलांतराने थांबतं, त्यांना तेवढी मुदतवाढ आणि तेवढ्या काळाची शिष्यवृत्ती प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातून मिळावी. फरशी बसवायला पैसे असतात, तसे यालाही असावेत.

उतार

सूक्ष्मदर्शक यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी व्हीलचेअर वापरतो, म्हणून त्यात एक भर.

आराखड्यात सगळं सुगम दाखवलेलं असतं. रॅम्प, लिफ्ट, रुंद दारं, स्पर्शफरशा, सगळं. ते सगळं काम संपल्यावर मिळणार. मोठा पुनर्विकास दहा-पंधरा वर्षं चालतो आणि पदवी तीन-चार वर्षांची असते. म्हणजे माझ्यासारख्या मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना फक्त बांधकामच मिळतं. तात्पुरता रस्ता खडीचा, वळसा लांबचा, आणि तो कधी कुठून जाईल हे त्या दिवशी सकाळी कळतं. चालणाऱ्याला पाच मिनिटं जास्त लागतात, मला तास बुडवावा लागतो.

तात्पुरता मार्गही पक्का हवा. कठीण पृष्ठभाग, 1:12 पेक्षा (बारा मीटर लांबीत एक मीटर चढ) सौम्य उतार, रात्री दिवे आणि बदल होणार असेल तर किमान एक दिवस आधी सूचना. हे काही महागडं मागणं नाही. पण निविदेत लिहिलेलं नसेल तर कंत्राटदार करत नाही, आणि मध्येच मागितलं तर वाढीव काम म्हणून बिल लावतो. त्यामुळे ही गोष्ट निविदा निघण्याआधी बोलायची आहे. तळमजला, तुम्ही या क्षेत्रात आहात, तुमच्या पुढच्या निविदेत हे घालाल का?

तळमजला

उतार, घालते. मोघम कलम म्हणून नाही, दराच्या तक्त्यात वेगळी बाब म्हणून, म्हणजे ते वगळताच येणार नाही. तुम्ही लिहिलेले चारही मुद्दे तसेच्या तसे घेते आहे.

विटकरी

आतापर्यंतची चर्चा नव्याबद्दल झाली. मला जुन्याबद्दल लिहायचं आहे, आणि थोडं सविस्तर.

अहमदाबादचं आयआयएम. संस्था 1961 ची. परिसराच्या रचनेसाठी भारतीय वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींच्या पुढाकाराने अमेरिकन वास्तुरचनाकार लुई कान यांना 1962 मध्ये बोलावलं. विटांच्या उघड्या भिंती, मोठाली गोल छिद्रं, कमानी आणि त्या कमानींना खालून धरून ठेवणारे काँक्रीटचे पट्टे. कडक उन्हाच्या प्रदेशात भिंतींच्या आत सावलीचा आणखी एक थर तयार करणारी ही रचना. काम पुरं होता होता, मार्च 1974 मध्ये, अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर कान वारले. दोशींनी आणि वास्तुरचनाकार अनंत राजे यांनी या परिसराची पुढे काळजी घेतली.

त्या इमारती दुखावल्या आहेत, हे खरं आहे. विटेत पाणी मुरतं. विटांच्या बांधकामात घातलेल्या सळ्या गंजल्या की त्या फुगतात, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. मग वीट आतून फुटते. 2001 च्या भूकंपाचाही फटका बसला. संस्थेने जतनाचं काम वास्तुरचनाकार ब्रिंदा सोमाया यांच्या कार्यालयाकडे दिलं आणि संस्थेच्या विक्रम साराभाई ग्रंथालयाची दुरुस्ती इतकी उत्तम झाली की 2019 मध्ये तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा-जतन पुरस्कार मिळाला. वसतिगृहाची एक इमारतही नमुना म्हणून दुरुस्त झाली.

आणि तरीही डिसेंबर 2020 मध्ये 18 पैकी 14 वसतिगृहं पाडून नवी बांधायचा प्रस्ताव आला. जगभरातून विरोध झाला, कान यांच्या मुलांनी पत्र लिहिलं, आणि 1 जानेवारी 2021 रोजी प्रस्ताव मागे घेतला गेला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण नोव्हेंबर 2022 मध्ये संस्थेने पुन्हा जाहीर केलं की काही इमारतींची दुरुस्ती आता व्यवहार्य नाही, त्या बाहेरून तशाच दिसतील अशा पुन्हा बांधाव्या लागतील.

बाहेरून तशीच दिसणारी इमारत म्हणजे तीच इमारत, हे मला मान्य नाही. कान यांच्या रचनेत भिंत हाच आधार आहे. आत आरसीसीचा सांगाडा आणि बाहेर विटांचं आवरण लावलं की तिथली कमान भार पेलत नाही, ती फक्त चित्र होते. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला त्या भिंतीजवळ उभं राहून जे शिकता येतं ते त्या आवरणातून शिकता येणार नाही. आणि ग्रंथालयाने दाखवून दिलं होतं की हे काम होऊ शकतं.

गळकी_खोली

विटकरी, तुमचं लिखाण आवडलं, आणि तरी मला विरोधात लिहायचं आहे.

मी अशाच एका नावाजलेल्या जुन्या वसतिगृहात राहिले आहे (वेगळ्या संस्थेत). बाहेरचे लोक फोटो काढायला यायचे. आम्ही पावसाळ्यात पलंग खोलीच्या मधोमध ओढायचो, कारण भिंतीला ओल आणि छताचे पोपडे पडायचे. एकदा छताचा मोठा तुकडा रिकाम्या पलंगावर पडला. तेव्हापासून मला इमारतीच्या सौंदर्याबद्दल बोलणाऱ्यांना एकच विचारावंसं वाटतं: तिथे आज रात्री कोण झोपणार आहे? ग्रंथालय रात्री बंद होतं. वसतिगृहात मुलं झोपलेली असतात, आणि भूकंपात तोच फरक पडतो.

शिवाय त्या खोल्या 60 वर्षांपूर्वीच्या गरजेच्या आहेत. आजच्या मुलींच्या, अपंग विद्यार्थ्यांच्या, जोडप्यांच्या गरजा वेगळ्या आहेत. वारसा जपायचा तर त्याचा भार तिथे राहणाऱ्या विद्यार्थ्यांवर टाकू नये.

विटकरी

तुमच्या पलंगाचा मुद्दा पूर्ण मान्य. असुरक्षित खोलीत एक रात्रसुद्धा कुणाला ठेवू नये, आज रिकामी करावी. पण "रिकामी करा" आणि "पाडा" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक ठिकाणी पहिलीच्या नावाखाली दुसरी केली जाते. मुलांना नव्या वसतिगृहात हलवा, आणि जुन्या इमारतीला असा वापर द्या जिथे रात्री कुणी झोपत नाही: अभ्यासिका, कार्यालयं, पाहुण्या अध्यापकांच्या बैठकीच्या खोल्या. तळमजला यांनी लिहिलेला क्रम इथेही लागू पडतो. आधी पर्यायी जागा, मग निर्णय. पर्यायी जागा नसते म्हणून निर्णय घाईत होतो.

जुनं वापरात आणता येतं याचं एक उदाहरण केंब्रिजमध्ये आहे. 1930 च्या दशकातलं टेलिफोन एक्स्चेंज न पाडता त्याचं रूपांतर विद्यापीठाच्या शाश्वतता संस्थेच्या कार्यालयात केलं. एन्टोपिया नाव. 2022 मध्ये सुरू झालं. भिंतींना आतून चांगलं उष्णतारोधन दिलं, खिडक्या बदलल्या, आणि ऊर्जेचा वापर अगदी कडक निकषांत बसवला. पाडून बांधलं असतं तर नव्या सिमेंट-पोलादाचा कार्बन पहिल्याच दिवशी हवेत गेला असता. तो इमारत कितीही काटकसरीने चालवली तरी लवकर फिटत नाही.

गळकी_खोली

वापर बदलण्याची सूचना पटली. मग माझी अट अशी: जुनी इमारत वाचवण्याच्या मोहिमेत सही करणाऱ्यांनी त्याच पत्रात नव्या वसतिगृहाचीही मागणी करावी. बहुतेक पत्रांत ती नसते.

विटकरी

पुढच्या पत्रात असेल. अट योग्य आहे.

शेजारची_गल्ली

मी विद्यापीठात शिकलेलो नाही, विद्यापीठाच्या भिंतीपलीकडे राहतो. परिसर वाढतो तेव्हा तो कुणाच्या तरी बाजूला वाढतो, म्हणून दोन गोष्टी लिहितो.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाला 1968 मध्ये शेजारच्या मॉर्निंगसाइड पार्कच्या सार्वजनिक जमिनीवर व्यायामशाळा बांधायची होती. शेजारच्या हार्लेम वस्तीचे रहिवासी आणि विद्यार्थी मिळून उठले, विद्यापीठाच्या इमारतींचा ताबा घेतला गेला, आणि ती व्यायामशाळा कायमची रद्द झाली. चाळीस वर्षांनी त्याच विद्यापीठाने मॅनहॅटनव्हिल भागात 17 एकरांचा नवा परिसर आखला. तिथेही सक्तीच्या भूसंपादनावरून खटले झाले. 2010 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. पण त्याआधी, 2009 मध्ये, स्थानिकांशी 15 कोटी डॉलरचा लेखी करार करावा लागला होता, घरं, शाळा, रोजगार यांच्यासाठी. 1968 मध्ये असा कुठलाही कागद नव्हता. आज तिथे विज्ञान केंद्र आहे, 2022 पासून बिझनेस स्कूलही आहे. भूमिगत यांना आवडेल म्हणून सांगतो, मालवाहू गाड्या आणि यंत्रणा यांच्यासाठी इमारतींखाली सलग तळघर आखलेलं आहे, म्हणजे ट्रक वर गल्लीत उभे राहायला नकोत.

दुसरं कॅलिफोर्नियातलं बर्कली. तिथल्या विद्यापीठाने 1960 च्या दशकात 2.8 एकर जागा सक्तीने घेतली, त्यावरची घरं पाडली, आणि पुढे काही बांधलंच नाही. चिखलाचा वाहनतळ झाला. एप्रिल 1969 मध्ये लोकांनी तिथे झाडं लावून बाग केली, पीपल्स पार्क. मे महिन्यात कुंपण घालायला पोलीस आले, गोळीबार झाला, जेम्स रेक्टर हा तरुण मेला. तेव्हापासून पन्नासहून जास्त वर्षं ती जागा अडून राहिली. 2023 मध्ये अपील न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या गोंगाटाचा पर्यावरणीय विचार केला नाही म्हणून वसतिगृहाचा प्रकल्प अडवला, मग विधिमंडळाने कायदाच बदलला. जानेवारी 2024 मध्ये विद्यापीठाने भोवती मालवाहू कंटेनरांची भिंत उभी केली, आणि जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाला वाट मोकळी केली. सुमारे 1,100 विद्यार्थ्यांसाठी खाटा, आणि बेघर लोकांसाठीही घरांची योजना.

घरं हवीतच. बर्कलीत विद्यार्थ्यांना राहायला जागा मिळत नाही हे खरं आहे. पण घरं पाडून जागा मोकळी करायची आणि पुढचं काही ठरलेलं नसायचं, हे मूळ पाप. बाग झाली नसती तर वाद झाला नसता असं म्हणणाऱ्यांनी आधी ती जागा रिकामी का पडली होती हे बघावं.

दुसरं_वर्ष

मी सध्या शिकते आहे, आणि आमच्याकडे नव्या वसतिगृहाचा आराखडा विद्यार्थ्यांपुढे "सूचनांसाठी" ठेवला आहे. आमच्या सूचनांनी खरंच काही बदलतं का? की सगळं आधीच ठरलेलं असतं? मोठा देणगीदार आहे, त्यामुळे मुलं बोलायला बिचकतात.

तळमजला

बदलतं, पण वेळेवर बोललं तर. देणगीदाराच्या बाबतीत एक प्रसंग लक्षात ठेव. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा परिसरात अब्जाधीश चार्ली मंगर यांनी 20 कोटी डॉलर देऊ केले, अट अशी की वसतिगृह त्यांच्या कल्पनेप्रमाणे व्हावं. अकरा मजली, सुमारे 4,500 विद्यार्थी एकाच इमारतीत, आणि 90 टक्क्यांहून जास्त खोल्यांना खिडकीच नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये विद्यापीठाच्या आराखडा समितीवरच्या सल्लागार वास्तुरचनाकाराने राजीनामा दिला आणि कारण लिहून दिलं. ते पत्र बाहेर आल्यावर विद्यार्थी आणि अध्यापक उघड बोलू लागले. 2023 मध्ये विद्यापीठाने तो आराखडा सोडून दिला आणि नव्या रचनेसाठी प्रस्ताव मागवले. देणगी मोठी होती, निकड खरी होती, तरीही.

तुमच्या आराखड्यात आधी हे बघा: प्रत्येक खोलीला उघडणारी खिडकी आहे का, एका मजल्यावर किती जणांमागे एक स्वच्छतागृह आहे, आग लागली तर प्रत्येक खोलीपासून दोन वेगळ्या दिशांनी बाहेर पडता येतं का, उतार यांच्यासारख्या विद्यार्थ्याला प्रत्येक मजल्यावर जाता येतं का की फक्त तळमजल्यावरच खोली मिळणार. रंग आणि फर्निचरवर मतं मागतील, त्यात वेळ घालवू नका, ते शेवटच्या महिन्यातही बदलता येतं. भिंती, जिने, लिफ्टचे खड्डे आणि वाहिन्यांचे मार्ग एकदा निविदेत गेले की बदलायला फार खर्च येतो, म्हणून त्यांच्याबद्दल आत्ता बोला. लेखी द्या, आणि पोच घ्या.

दुसरं_वर्ष

खिडक्या आहेत. दोन जिने आहेत, पण दोन्ही इमारतीच्या एकाच टोकाला, लिफ्टजवळ. हे चालतं का?

भूमिगत

नाही चालत. धूर एका जिन्यात शिरला की शेजारच्या जिन्यातही शिरतो, आणि दुसऱ्या टोकाच्या खोल्या अडकतात. दोन जिने एकमेकांपासून लांब असायला हवेत, हे आगीच्या नियमांचं पहिलं तत्त्व. तुमच्या निवेदनात हा मुद्दा सगळ्यात वर लिहा आणि सोबत मजल्याचा नकाशा जोडा, त्यावर शेवटच्या खोलीपासून जिन्यापर्यंतचं अंतर मीटरमध्ये मांडा. अग्निशमन अधिकाऱ्यांकडेही एक प्रत द्या. नकाशा इथे टाकता आला तर मी आणि तळमजला दोघं बघतो.

दुसरं_वर्ष

टाकते. सूचनांची मुदत शुक्रवारपर्यंत आहे, त्याआधी बघाल का?

तळमजला

आज रात्रीच टाक. उद्या सकाळी अंतरं मोजून देते.